'स्थानांतरण' म्हणावे की 'अदलाबदल'?

प्रश्न: रोगांशी निगडित गुणसूत्रबदलांची मराठी सूची करताना ट्रान्सलोकेशनला, म्हणजे गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्या गुणसूत्राला जोडला जाण्याला, 'स्थानांतरण' म्हटलेले खटकते. स्थानांतरात कुणीतरी जागा सोडून दुसरीकडे जातो. इथे बहुधा दोन गुणसूत्रे आपापले तुकडे बदलतात. मग सरळ 'अदलाबदल' का नको?

उत्तर: कारण 'अदलाबदल' क्रॉसिंग ओव्हरमध्येही होते, म्हणजे जोडीतली दोन गुणसूत्रे समान भाग बदलतात तेव्हा, आणि ती अर्धसूत्री विभाजनातली (बीजपेशी तयार करणाऱ्या विभाजनातली) नेहमीची घटना आहे. 'स्थानांतरण'च ठेवा, त्याच्या आधी विशेषण लावा. दोन्हीकडून तुकडे गेले तर 'परस्पर स्थानांतरण'. १३, १४, १५, २१, २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांपैकी दोघांच्या लांब भुजा (गुणसूत्राच्या दोन बाजूंपैकी लांब बाजू) जुळून आखूड भुजा गळाल्या, तर 'रॉबर्टसोनियन स्थानांतरण'. हा बदल अंगी असलेल्या माणसात, म्हणजे वाहकात, नेहमीच्या ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रे मोजली जातात, पण प्रकृती सहसा ठणठणीत असते. नुसत्या आकड्यावरून ही नोंद 'लोप'खाली (डिलीशन, गुणसूत्राचा भाग नाहीसा होणे) टाकू नका.

शब्द चुकला की नोंदच चुकते. १९६० साली फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. तुकडा गळाला असावा, म्हणजे 'लोप', असा समज झाला. १९७३ मध्ये गुणसूत्रांच्या अभ्यासक जॅनेट राउली यांनी दाखवले की गुणसूत्र २२ चा तो तुकडा गुणसूत्र ९ वर जाऊन बसला आहे.

प्रश्न: मग ते 'संतुलित' म्हणायचे?

उत्तर: हो, पण 'संतुलित' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. द्रव्य घटले-वाढले नाही, एवढेच. याच स्थानांतरणात बीसीआर आणि एबीएल१ ही जनुके सांधली जातात आणि रोग होतो.

सूचीतल्या आणखी दोन शब्दांविषयी: रिअरेंजमेंटला 'पुनर्रचना' नको, त्यात कुणीतरी विचारपूर्वक केल्याचा भास आहे. 'फेरमांडणी' बरा. इन्व्हर्जनला 'प्रतिलोमन' चपखल: तुकडा तिथेच, क्रम उलटा.

बदल थोडक्यात नोंदवणारे सूत्र वाचतानाही जपा. टी(९;२२)(क्यू३४;क्यू११) मध्ये टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, आणि गुणसूत्रांपैकी लहान क्रमांक आधी. क्यू म्हणजे लांब भुजा, पी आखूड. 'क्यू चौतीस' नव्हे, 'क्यू तीन-चार': गुणसूत्रबिंदूपासून (दोन भुजा जिथे जुळतात तिथपासून) बाहेर मोजत तिसरा विभाग, त्यातला चौथा पट्टा (रंग दिल्यावर दिसणारा). इन्व्ह(१६)(पी१३क्यू२२), म्हणजे गुणसूत्र १६ चे प्रतिलोमन, यात भुजांच्या मध्ये अर्धविराम नाही, कारण दोन्ही तुटी एकाच गुणसूत्रावर आहेत. पी आणि क्यू दोन्ही आले, म्हणजे उलटलेल्या तुकड्यात गुणसूत्रबिंदूही आहे.

तुटीची जागा पट्ट्याऐवजी बेस-क्रमांकाने (डीएनएच्या अक्षरांच्या क्रमांकाने) देणार असाल तर मानवी जीनोमच्या संदर्भ-नकाशाची आवृत्ती, ३७ की ३८, त्याच ओळीत लिहा. तोच क्रमांक दुसऱ्या आवृत्तीत वेगळ्याच ठिकाणी पडू शकतो.