फॅन्सी रिबन धाग्याचा उन्हाळी टॉप: टाके किती घालू, आणि लोंबणार नाही ना?

ठाणेकरीण
सेलमध्ये फॅन्सी धाग्याच्या 50 ग्रॅमच्या सहा गुंड्या मिळाल्या. चपटा रिबनसारखा धागा, रुंदी साधारण 6 मिमी, मधूनमधून रंग बदलतो. लेबलवर काय मिसळलंय ते लिहिलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये घालायला बिनबाह्यांचा टॉप विणायचा आहे, छाती 36 इंच, उंची 21 इंच. 10 नंबरच्या सुयांवर नमुना पुठ्ठ्यासारखा कडक झाला, 4 नंबरवर छान सुटसुटीत आला. पण धुऊन लटकवल्यावर तो लांब झाला. टाके किती घालू? 300 ग्रॅम पुरेल का? आणि हा धागा उन्हाळ्यात घालण्याजोगा आहे का?

मुकाखांब
आधी शेवटचा प्रश्न, कारण उत्तर "नाही" आलं तर बाकीचे सोडवायची गरजच नाही.

दोन इंच धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाणी ठेवा. कागद जळल्याचा वास आला आणि बोटात चुरडणारी मऊ राख उरली, तर धागा सुती किंवा व्हिस्कोस. वितळून आकसला आणि गार झाल्यावर कडक मणी उरला, तर पॉलिएस्टर, नायलॉन किंवा ॲक्रिलिक. राख आणि मणी दोन्ही दिसले तर मिश्रण.

पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही, सूत साधारण 8 टक्के धरतं, व्हिस्कोस 11 ते 13. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत हा फरक अंगाला लगेच कळतो. मणी उरला तरी टॉप विणता येईल, पण मग वीण जाळीदार हवी आणि आत सुती स्लिप.

ठाणेकरीण
जाळून पाहिला. कागदाचा वास, राखाडी मऊ राख, मणी अजिबात नाही. 4 नंबरचा नमुना 28 टाके, 40 ओळींचा आहे, एक ओळ सुलट, एक उलट. वजन 17 ग्रॅम. आधी 20 × 20 सेंमी होता. धुऊन, खाली कपडे वाळत घालायचे चिमटे लावून रात्रभर टांगला, तर उंची 22 सेंमी झाली. रुंदी 20 च राहिली.

सुलटउलट
म्हणजे व्हिस्कोस. सुती रिबन असता तर इतका लोंबला नसता. ताई, चिमटे लावून टांगलात हे फार बरं केलंत, आता सगळा हिशेब टांगल्यानंतरच्या मापावर करायचा: 10 सेंमीत 14 टाके आणि 18 ओळी. (4 नंबर म्हणजे 6 मिमी. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पॅटर्नमध्ये उलटं असतं, म्हणून तिथे मिमी बघूनच सुई घ्या.)

छाती 36 इंच म्हणजे 91.5 सेंमी. या धाग्याचा टॉप अंगाला चिकटला की वाईट दिसतो, म्हणून 5-6 सेंमी सैल धरा: 97. एका भागाला 48.5 सेंमी, म्हणजे 68 टाके, शिवणीचे 2 धरून 70. उंची 54 सेंमी, म्हणजे 98 ओळी. विणताना ते 49 सेंमीच भरेल आणि टॉप आखूड वाटेल. वाटू द्या, ओळी वाढवू नका.

धागा किती लागेल ते टाक्यांवरून काढा: नमुन्यात 1,120 टाके, 17 ग्रॅम. दोन्ही भाग मिळून 70 × 98 × 2 = 13,720 टाके, म्हणजे सुमारे 208 ग्रॅम. काठ आणि टोकं धरून 230. गळा-मुंढ्याला थोडे टाके कमीच होतील. 300 ग्रॅम भरपूर झाले.

पाठ: 70 टाके, पहिल्या 4 ओळी सगळ्या सुलट म्हणजे खालची कड वळणार नाही. मग एक सुलट, एक उलट. 62 ओळींनंतर मुंढा: दोन्ही बाजूंना 4-4 टाके बंद, नंतर एकाआड एक ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका कमी, असं 4 वेळा. उरतात 54. मुंढा सुरू झाल्यापासून 36 ओळी भरल्या की मधले 26 टाके बंद करा, दोन्ही खांद्यांचे 14-14 जादा सुईवर ठेवा.

पुढचा भाग तसाच, फक्त मुंढ्याच्या 24 ओळी झाल्या की मधले 18 बंद. मग गळ्याच्या बाजूला एकाआड एक ओळीत 1-1 टाका, 4 वेळा कमी. इथेही खांद्याला 14 उरतात. दोन्ही खांदे तोंडाला तोंड धरून तिसऱ्या सुईनं टाके एकत्र बंद करा.

लडीगुंडी
सुईवर दोन वेढे घेऊन पुढच्या ओळीत सोडायची लांब टाक्यांची जाळी घाला ना मधूनमधून. रिबन उलगडून फार सुंदर दिसतो, शिवाय धागाही वाचतो.

सुलटउलट
सुती रिबनला जरूर. आधीच 10 टक्के लोंबणाऱ्या व्हिस्कोसला मी नाही म्हणेन. लांब टाक्याला वजन पेलायला काहीच आधार नसतो, तिथूनच टॉप खाली येतो. घालायचीच तर मुंढ्याच्या वर, एखादी ओळ. रंग बदलणाऱ्या धाग्यात नक्षी तशीही हरवते.

मुकाखांब
खरं काम खांद्याचं आहे. 230 ग्रॅमचा टॉप दोन खांद्यांवरून लटकतो, म्हणून एका खांद्यापासून पाठीच्या गळ्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत आतून सुती पट्टी शिवा, साधारण 38 सेंमी. पट्टी आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटून खांद्याला चुण्या पडतील.

बाजूच्या शिवणी रिबननं घालू नका, जाड होतात. त्याच रंगाचं बारीक सुती सूत घ्या. मुंढ्याला आणि गळ्याला 3.5 मिमी क्रोशानं मुक्या खांबांची (क्रोशाचा आखूड टाका) एक ओळ. उभ्या कडेला दर 4 ओळींत 3 मुके खांब, प्रत्येक ओळीत घातलात तर कड झालरीसारखी फुगेल.

रिबनची टोकं नुसती विणीत ओवून टिकत नाहीत, निसटतात. टोक दुमडून शिलाईच्या दोऱ्यानं उलट बाजूला चार टाके घाला. पॉलिएस्टर रिबनचं टोक उदबत्तीनं वितळवून बंद करतात, ते इथे करू नका, व्हिस्कोस जळतं.

लडीगुंडी
गुंडी आतून ओढून विणू नका, रिबनला पीळ बसतो आणि तो दोरीसारखा दिसतो. काडीवर खोवून आडवी ठेवा, फिरत फिरत सुटू द्या. स्वस्त धाग्यात गाठी निघतात. गाठ दिसली की तोडून नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, मध्ये कधीच नाही. बोथट टोकाच्या लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्या. स्टीलवरून रिबन घसरतो आणि अणकुचीदार सुई तो फाडते.

ठाणेकरीण
सहापैकी दोन गुंड्यांचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक) वेगळा आहे. चालेल?

सुलटउलट
चालेल. पाठ आणि पुढचा भाग दोन्हींत त्या सारख्याच वाटून घ्या. दोन गुंड्या एकाच वेळी लावा आणि दर दोन ओळींनी आलटूनपालटून विणा, धागा कडेनं वर न्या, पण ओढू नका. धुताना पिळायचं नाही, ओलं व्हिस्कोस बरंच कमजोर होतं. टॉवेलात गुंडाळून दाबा, सपाट वाळवा, आणि कपाटात हँगरला नाही, घडी करून ठेवा.