सूर्यफुलाचं तेल चेहऱ्याला : पैसे वाचवणं की नुसता चिकटपणा?

मंजिरी_ठाणे
दिवाळीत वन्संनी एक फेस ऑइल दिलं, ३० मिलीची इवलीशी बाटली आणि किंमत साडेआठशे. मागची मुंगीएवढी अक्षरं चष्मा लावून वाचली तर पहिलंच नाव हेलिअँथस अ‍ॅन्युअस सीड ऑइल. शोधलं तर काय, सूर्यफुलाचं तेल हो! ज्यात सकाळी वडे तळले तेच. जे सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं लिहितात, म्हणजे बाटलीत बहुतेक हेच, बाकी गुलाबाचा वास आणि काचेचं ड्रॉपर. तेव्हापासून मी रात्री तोंड धुतल्यावर ओल्या चेहऱ्यावरच घरच्या पिशवीतल्या तेलाचे दोन-तीन थेंब चोळते, गाल तडतडायचे थांबले. माझं म्हणणं एवढंच की कोरड्या त्वचेला हे पुरतं, बाकी सगळे बाटलीचे पैसे. पटत नसेल तर या भांडायला.

गवतीचहा
ई ग! तळणीचं तेल तोंडाला?? उशीचा अभ्रा काय म्हणतो?

मंजिरी_ठाणे
तळलेलं नाही गं बाई, न तापवलेलं. आणि तीन थेंबांनी अभ्रा खराब होत नाही, तू वाटीभर थापत असशील तर वेगळं.

केमिकल_लोचा
क्रीम-लोशन बनवण्याच्या धंद्यात आहे म्हणून बोलतो. ताई, तुमचं अर्धं बरोबर. सूर्यफुलाचं तेल म्हणजे एकच तेल नाही. साध्या जातीत लिनोलिक नावाचं स्निग्ध आम्ल साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असतं, आणि हाय ओलिक म्हणून ज्या जाती आहेत त्यात ओलिक हे दुसरं स्निग्ध आम्लच ८० च्या वर जातं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात जे सेरामाइड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात, ज्यामुळे आतलं पाणी उडून जात नाही, त्यातल्या काही महत्त्वाच्या सेरामाइडसाठी त्वचेला लिनोलिक लागतं. ओलिक जास्त झालं तर उलट तिथली मांडणी सैल होते. आता गोची अशी की हाय ओलिक जास्त टिकतं, लवकर खवट होत नाही, म्हणून कॉस्मेटिकवाले बऱ्याचदा तेच घेतात, आणि लेबलवर नाव दोन्हीचं एकच. म्हणजे वन्संची बाटली आणि तुमची पिशवी यात एकच माल आहे हे नावावरून ठरत नाही.

घाणेवाला_सांगली
पिशवीतलं रिफाइंड म्हणजे मेलेलं तेल, त्यात काय जीव राहणार. लावायचंच असेल तर लाकडी घाण्याचं लावा, बी फोडून काढलेलं, वास बघा रंग बघा. आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं खायला आणि अंगाला एकच तेल नेतात.

केमिकल_लोचा
@घाणेवाला_सांगली भाऊ, खायला तुमचं तेल छान असेल, वाद नाही. पण त्वचेसाठी रिफाइंड म्हणजे वाईट असं नाही. शुद्ध करताना मोकळी आम्लं, रंग, वास आणि बीमधलं प्रोटीन निघून जातं, ज्यांना सूर्यफुलाच्या बियांची अ‍ॅलर्जी आहे त्यांना प्रोटीन गेलेलंच बरं. ई जीवनसत्त्व थोडं कमी होतं, सगळं जात नाही. आणि घाण्याची बाटली उघडून खिडकीत ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत वास मारायला लागते, ते हवेने ऑक्सिडाइझ झालेलं, खवट तेल तोंडाला चोळणं म्हणजे पुरळाला घरी बोलावणं.

घाणेवाला_सांगली
आमचं तेल खिडकीत कोण ठेवतं. अंधारात ठेवायचं सांगूनच देतो.

अनघा_देशपांडे_नाही
बाळाचं सांगा कुणीतरी. लेकीच्या मुलीला सव्वा महिना झालाय, मालीशवाल्या मावशी म्हणतात खोबरेल नाहीतर तिळाचं, टाळूवर तर थापतातच. जावई म्हणतो सूर्यफुलाचं लावा, त्याने कुठेतरी वाचलंय की बाळं वाचतात त्याने.

केमिकल_लोचा
त्याने वाचलंय ते खरं आहे पण ते कुठलं ते बघा. ढाक्याच्या शिशू हॉस्पिटलात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने हलक्या हाताने मालीश केलं आणि हॉस्पिटलात लागणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी निघाले, २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. इतक्या लवकर आलेल्या बाळाची त्वचा तयारच नसते, जंतू सरळ आत जातात, तिथे तेलाचा थर खरंच कामाला येतो.

परदेशी_पाहुणी
हो पण तुमची नात पूर्ण दिवसांची ना? मग तो निष्कर्ष तिच्यावर चिकटवू नका. इकडे मँचेस्टरला ११५ पूर्ण दिवसांच्या बाळांवर ऑलिव्ह तेल, सूर्यफूल तेल आणि काहीच नाही असे तीन गट करून बघितलं, २०१६ ला आलं ते. दोन्ही तेलांच्या गटात त्वचेतल्या चरबीच्या थरांची घडी बसायला अडथळा दिसला. माझ्या वेळेला इथली नर्स म्हणाली काही लावू नका, आणि आई फोनवरून ओरडत होती की पोरगं वाळून जाईल. शेवटी आई आली आणि जिंकली, हा भाग वेगळा!

केमिकल_लोचा
बरोबर, पण त्याआधी २०१३ ला मोठ्या माणसांच्या हातावर याच दोन तेलांची तुलना झालेली, तेव्हा ऑलिव्हने थर कमकुवत झाला आणि सूर्यफुलाने टिकला. म्हणजे मंजिरीताईंच्या गालाला एक न्याय, नातीला दुसरा. काकू, बाळाच्या डॉक्टरांना विचारा, आणि मावशींना जोर लावू देऊ नका.

अनघा_देशपांडे_नाही
मावशींना कोण सांगणार, त्या माझंही ऐकत नाहीत.

तेलकट_थोबाड
मला अजिबात नाही पटत हा धागा. असंच वाचून पंधरा दिवस लावलं आणि कपाळभर बारीक पुरळ, खाज वेगळी. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या मॅलॅसेझिया, कोंड्यावाली बुरशी, ती तेलातल्याच आम्लांवर जगते. तेव्हा "सगळ्यांना चालतं" लिहिण्याआधी विचार करा.

मंजिरी_ठाणे
"सगळ्यांना" कुठे लिहिलं मी? कोरडी त्वचा म्हटलं. तुमचं नावच तेलकट थोबाड!

तेलकट_थोबाड
नाव धाग्यानंतर घेतलं नाही, आधीपासून आहे. मुद्दा तोच, कोपराच्या आत आठवडाभर लावून बघा आणि मग चेहऱ्याकडे जा, हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं.

लातूरकर
अवांतर. आमच्या पट्ट्यात एकेकाळी शेतंच्या शेतं पिवळी दिसायची, आता जिकडेतिकडे सोयाबीन. सूर्यफुलाचं तेल मुख्यतः बाहेरूनच येतं, २०२२ ला युक्रेनचं युद्ध लागलं तेव्हा पिशवीचा भाव आठवा. तोंडाला लावा नाहीतर भज्यांना, आमच्या शेतातलं नाही एवढंच दुःख.

गवतीचहा
आणि केसांना? सूर्य आहे नावात म्हणजे उन्हापासून पण वाचवत असेल?

केमिकल_लोचा
उन्हासाठी सनस्क्रीनच, नावात सूर्य असून भागत नाही. केसांचं म्हणाल तर मुंबईत २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल असं तिन्ही बघितलं होतं, केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. त्याचं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ, केसाच्या आत शिरतं. सूर्यफुलाचं वरवर राहतं.

तेलकट_थोबाड
तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मॅरिकोच्याच लोकांचा आहे, हे पण सांगा की.

केमिकल_लोचा
आहे, मान्य. पण तीच कंपनी सफोलाही विकते आणि त्यात सूर्यफूल असतं, तेव्हा फक्त घराण्याकडे बोट दाखवून उडवता येणार नाही, पद्धतीत चूक दाखवा.
मंजिरीताई, एक काम करा. पिशवीच्या मागे पोषणाचा तक्ता असेल, त्यात मोनो आणि पॉली अनसॅच्युरेटेड किती ते टाका. पॉली जास्त असेल तर लिनोलिकवालं, मोनो जास्त तर हाय ओलिक.

मंजिरी_ठाणे
थांबा, डब्यात ओतून पिशवी कचऱ्यात टाकली होती, काढली धुवून. मोनो २७, पॉली ६१. म्हणजे जिंकले ना मी?

केमिकल_लोचा
गालापुरतं. केसांना खोबरेलच लावा.