चीफच्या अर्जाबद्दल
रोलप्ले गेममध्ये (जिथं प्रत्येक जण एकेक पात्र होऊन खेळतो) पोलिसांचा चीफ व्हायला अर्ज करायचा तर कॅरेक्टरची बॅकस्टोरी, म्हणजे त्याची मागची गोष्ट, दोन पानी पाहिजे असं काही जण म्हणायलेत, अर्धं पटतं, पण नुसती बॅकस्टोरी वाचून कोणी पोलिसांचा चीफ करत नाही राव. आमच्या फाइव्हएम सर्व्हरवर (म्हणजे जीटीए फाइव्ह गेम आपले नियम लावून मिळून खेळायची जागा; बरेच जण लातूर-नांदेडकडचेच) अर्जात सरळ प्रसंग देतात, की तुमच्याच हवालदारानं गेमबाहेर डिस्कॉर्ड चॅटवर गँगचा अड्डा कुठंय ते ऐकलं आन् गेममध्ये जाऊन धाड टाकली, मग काय करणार? जो शाबासकी देतो तो तिथंच कटला, कारण हे मेटागेमिंग झालं, कॅरेक्टरला जे माहीतच नाही ते वापरलं. धाड रद्द, माल परत.

आन् डेप्युटी कोण ते अर्जातच लिहा. इकडं ऐन पाठलागात लाईट जाते, चीफ गायब, मग रेडिओवर सगळेच साहेब व्हायलेत.