मदत हवी आहे: इंटरनेटचा वेग शोधणाऱ्या टूलची माहिती मराठीत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या वाळपईचा. मेजरमेंट लॅब या इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या प्रकल्पाचा २००९ पासूनचा खुला डेटा गूगलच्या बिगक्वेरी या डेटाबेस सेवेतून काढून इंटरनेट कंपनीनिहाय डाउनलोड, अपलोड आणि लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) दाखवणारं छोटं पायथन टूल आम्ही दोघा मित्रांनी लिहिलंय. टूल नीट चालतं, पण त्याची माहिती मराठीत लिहिताना अडलोय.

या लॅबची एनडीटी ही वेगचाचणी सर्व्हरशी केलेल्या एकाच (टीसीपी) जोडणीवर वेग मोजते, त्यामुळे अनेक जोडण्या उघडणाऱ्या चाचण्यांपेक्षा आकडा बऱ्याचदा कमी दिसतो. शिवाय ठिकाण आयपी पत्त्यावरून ठरतं. सत्तरी तालुक्यातली चाचणी पणजीच्या नावावर जाऊ शकते. घरातलं वायफाय कमकुवत असलं तरी खापर कंपनीवरच फुटतं. हे डेटा काढणारी क्वेरी चालवण्याआधीच कळायला हवं, नाहीतर कोणी चुकीचा तक्ता घेऊन ग्रामसभेत उभं राहील, याची मला खरंच काळजी वाटते.

ही सूचना पहिल्याच पानावर द्यावी की प्रत्येक उदाहरणाखाली? ‘थ्रूपुट’ (प्रत्यक्ष मिळणारा वेग) हा शब्द तसाच ठेवू का? आणि सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) का घेतला, हे शाळेतल्या पोरालाही समजेल असं कसं सांगाल?

सांगे-काणकोणकडच्या कोणी मसुदा वाचून दिला तर फार बरं होईल.