आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी

तुमच्या १९७८ च्या शेवरले सी-१० पिकअपचं ३५० (क्यूबिक इंचांचं) इंजिन सिग्नलला उभं असताना थरथरतं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर ईजीआर (जळलेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) काढून टाकायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो प्लीज ऐकू नका. एकतर कॅलिफोर्नियात ७६ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (सरकारी धूर तपासणी) आहे, तिथे पार्ट गायब दिसला की फेल, आणि दुसरं म्हणजे दोष बहुतेक वेळा भलतीकडेच असतो. मी अख्खा शनिवार कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसलो होतो आणि शेवटी निघाली काय तर मागच्या बाजूची एक व्हॅक्युम नळी (इंजिनाची ओढ इतर भागांपर्यंत नेणारी), वरून ठणठणीत, खालून चिरलेली :( गॅरेजवाल्याने त्याच गाडीला नवा कार्बोरेटर सांगितला होता!

आधी पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनाच्या पोटातले वायू परत जाळायला पाठवणारा) काढून कानाशी हलवा, खुळखुळला पाहिजे, नाहीतर नवीन टाका, फार महाग नसतो. मग इंजिन गरम करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना हातपंपाने ईजीआरला व्हॅक्युम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर उत्तम, ईजीआर ठीक आहे, काहीच फरक नाही पडला तर एकतर व्हॉल्व उघडत नाहीये किंवा आतल्या वाटा काजळीने बुजल्यात, खरवडून काढा. उलट व्हॅक्युम न देताच तो उघडा अडकला असेल तर नेमकी तुमच्यासारखी थरथर होते.

हे सगळं झालं की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासा, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्युम नळी काढून तिचं तोंड बंद करून. आणि मग सगळ्यात शेवटी आयडलचा स्क्रू; आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती ठेवायचे ते बॉनेटखालच्या स्टिकरवर बघा, ऑटोमॅटिकला बहुधा ड्राइव्हमध्ये टाकून मोजायला सांगतात, तेव्हा हँडब्रेक ओढा, चाकाला ओंडका लावा आणि गाडीसमोर उभे राहू नका.