डोळ्यात माशीच्या अळ्या? पेडण्याहून कुठे न्यावं?

रानमोगरा
काल दुपारी बाबा काजूच्या बागेत बोंडू गोळा करत होते. शेजाऱ्यांच्या शेळ्या तिथेच चरत होत्या. एक माशी उडता उडता त्यांच्या डाव्या डोळ्यावर आपटली. संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक, पाण्याची धार, वाळू गेल्यासारखं टोचणं. डोळे आलेत समजून फार्मसीतून थेंब आणले, फरक नाही. आज सकाळी खालची पापणी ओढून टॉर्च मारला तर पांढरट काहीतरी वळवळलं आणि आत पळालं! आई मध घालूया म्हणतेय. म्हापशाला नेऊ की थेट बांबोळीला?

सत्तरीचा पाऊस
मध, एरंडेल काहीही घालू नका आणि डोळा चोळू देऊ नका. ही बहुधा शेळ्यामेंढ्यांच्या नाकात वाढणारी माशी, इस्ट्रस ओव्हिस. ती अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच उडता उडता जनावराच्या नाकपुडीवर सोडते. नेम चुकला की माणसाचा डोळा. अळी जेमतेम १ मिलिमीटरची, तोंडाला हुकासारखे आकडे. म्हणून पाण्याने धुऊन सुटत नाही.
म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात फोन करून नेत्रतज्ज्ञ आहेत का विचारा. नसतील तर वेळ न घालवता बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात).

ताईची माडी
माझ्या धाकट्या दिराला झालं होतं. पहिल्या ठिकाणी साथीचे डोळे म्हणून परत पाठवलं, दोन दिवस वाया गेले. तेव्हा माशी आपटल्याचं आणि शेळ्यांचं आधी सांगा. या अळ्या उजेडापासून पळतात, म्हणून पापणी उलटून दोन्ही कोपऱ्यांत बघायला सांगा. बधिर करणारे थेंब घालून चिमट्याने काढतात, दुखत नाही. नाकात हुळहुळत असेल तर तेही सांगा. आणि धूसर दिसू लागलं असेल तर ते सर्वांत आधी. अळी डोळ्याच्या आत शिरणं फार क्वचित होतं, पण तसं झालं तर नजरेला धोका असतो.

रानमोगरा
म्हापशाला नेलं. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बघून पाच काढल्या, त्यातल्या दोन वरच्या पापणीखाली होत्या. टोचणं थांबलंय, थेंब दिलेत, परवा पुन्हा बोलावलंय. तुम्हा दोघांचे खूप आभार, आईचा जीव भांड्यात पडला. घरात इतरांना लागेल का? आणि त्या शेळ्यांचं काय?

सत्तरीचा पाऊस
माणसाकडून माणसाला लागत नाही. परवाची तपासणी मात्र चुकवू नका, एखादी मागे राहिलेली असू शकते. शेळ्या शिंकत असतील, नाक गळत असेल तर शेजाऱ्यांना पशुवैद्यांकडे जायला सांगा, जनावरांसाठी औषध आहे. तोवर बाबांना बागेत चष्मा लावूनच पाठवा.