जुना मेटल डिटेक्टर, टोन स्थिर राहत नाही, बोर्ड कसा तपासू?

परळकर: बाबांचा जुना बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) प्रकारचा डिटेक्टर माळ्यावरून काढला, ९ व्होल्टची नवी बॅटरी लावली तर कॉइल हवेत धरली तरी टोन आपोआप चढत जातो, नॉबने शून्यावर आणला की दोन मिनिटांत परत तेच. बॅटरीच्या वायरीजवळ बोर्डवर हिरवट थर आलाय. बाबांची वस्तू आहे, टाकवत नाही हो.

सोल्डरवाला: अजिबात टाकू नका! हिरवं म्हणजे गंजलेलं तांबं. बॅटरी काढा, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासा, नीट वाळू द्या, मग भिंगातून ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा) बघा, तुटला असेल तर बारीक वायरचा जंपर मारा.

ठाणेकर: भावा, यात दोन ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल बनवणारी सर्किटं) असतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक आपण ऐकतो, म्हणजे १०० किलोहर्ट्झवाला एक नुसता १०० हर्ट्झ सरकला तरी टोन बदलणारच. सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतील. ऑसिलेटरमधले पारदर्शक स्टायरोफ्लेक्स (प्लास्टिक फिल्मचे) कपॅसिटर मात्र उगाच काढू नको, सोल्डरिंगच्या उष्णतेनं वितळतात.

परळकर: घासल्यावर ट्रॅकला केसाएवढी चीर दिसली, जंपर मारला, आता पंधरा मिनिटं टोन हलला नाही! ५ रुपयांचं नाणं कॉइलखाली धरलं तर लगेच बदलला. आईला ऐकवला. कपॅसिटर शनिवारी आणतो.